आरएक्स १०० चा जाम झालेला ब्लॉक: घरी काय करायचं, टर्नरकडे काय न्यायचं

जाम झालेल्या यामाहा आरएक्स १०० चा ब्लॉक (सिलिंडर) वर उचलला आणि आत उभे चंदेरी ओरखडे दिसले की बहुतेक जण थेट स्पेअर पार्टच्या दुकानात बोअर-पिस्टन किटचा भाव विचारायला जातात. जरा थांबा. ते जे चंदेरी दिसतंय ते बऱ्याचदा ब्लॉकचं नुकसान नसतंच. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉकमधली स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, बिडाची (कास्ट आयर्नची). दोघांची जुंपली की मऊ असलेला पिस्टन खरवडला जातो आणि त्याचा लेप स्लीव्हवर चढतो. लेप उतरवल्यावर खाली स्लीव्ह शाबूत निघते किंवा नखाला अडकेल अशी चर निघते, आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं.

एस्कॉर्ट्स आणि यामाहाने १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनवलेल्या या ९८ सीसीच्या टू-स्ट्रोकचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) ५० मिमी. गाडी बंद होऊन तीन दशकं होत आली, तेव्हा मूळ ब्लॉक वाचत असेल तर वाचवावा असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारातल्या स्वस्त नव्या ब्लॉकचे पोर्ट (मिश्रण आणि धूर ये-जा करायची भोकं) कसे ओतलेत, स्लीव्ह कसली घातलीय, हे गाडी चालवल्याशिवाय कळत नाही. इथे दिलेली पद्धत बिडाची स्लीव्ह असलेल्या इतर टू-स्ट्रोकलाही लागू पडते. आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये मात्र स्लीव्हच नसते. ॲल्युमिनियमवर निकेलचा कडक थर असतो. तो बोअर करता (आतून कापून मोठा करता) येत नाही आणि साध्या होनिंगच्या, म्हणजे भिंत घासायच्या, दगडाने खराब होतो. शंका असेल तर बोअरच्या आत लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर बीड, नाही तर हात आखडा.

उघडण्याआधी कारण पकडा

ब्लॉक दुरुस्त करून, नवा पिस्टन टाकून, पुन्हा शे-दोनशे किलोमीटरवर जाम झालेल्या गाड्या कमी नाहीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं ते काम असतं. टू-स्ट्रोक जाम होते ती ऑईल न पोचल्याने, बाहेरची हवा आत खेचली गेल्याने, कार्बोरेटरमधलं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) लहान पडल्याने, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फार पुढे असल्याने किंवा आधीच्या माणसाने पिस्टनला क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली मोकळी जागा) कमी ठेवल्याने. यातली पहिली दोन कारणं इंजिन जोडलेलं असतानाच नीट पकडता येतात. एकदा सगळं सुटं केलं की पुरावा गेला.

ऑईलपासून सुरू करा. आरएक्सला ऑटोल्यूब, म्हणजे इंजिनात आपोआप ऑईल सोडणारा, पंप आहे, टूटी (टू-स्ट्रोकच्या) ऑईलची टाकी वेगळी आहे. टाकीत ऑईल होतं का, टाकीतून पंपाकडे येणाऱ्या नळीत बुडबुडा आहे का, पंपाची केबल ॲक्सिलरेटरबरोबर हलते का आणि पंपावरच्या खुणा जुळतात का, हे बघा. अनेक गाड्यांचा पंप कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला असतो आणि मालकाला ते ठाऊकच नसतं. त्याने टाकीत ऑईल भरून ठेवलेलं असतं आणि पेट्रोल कोरडंच.

हवेची गळती शोधायला घरात पडून असलेलं काट्याचं जुनं बीपी मशीन फार कामाचं. डायल ३०० पर्यंत जाते. पाऱ्याचे ३०० मिमी म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आणि टू-स्ट्रोकची क्रँककेस (ब्लॉकखालची क्रँकची पेटी) तपासायला एवढाच दाब हवा असतो. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडावर जाड रबर आणि वर पत्र्याची पट्टी घट्ट बसवा. कार्बोरेटर काढून इनटेकच्या रबरात बूच बसवा, बुचाला भोक पाडून त्यातून बीपीची नळी घाला. ऑईल पंपाची बारीक नळी सोडवून तिचंही तोंड बंद करा. प्लग जागेवर राहू द्या. आता फुगा दाबत काटा ३०० वर न्या आणि पाच मिनिटं बघत बसा. थोडा उतरला तर चालेल. पन्नासपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. साबणाचं पाणी ब्रशने ब्लॉकच्या बुडाशी, हेडला, रीडच्या (इनटेकच्या झडपेच्या) जोडावर आणि डाव्या बाजूला मॅग्नेटोमागच्या सीलवर लावा. बुडबुडे कुठून येतात ते दिसेल.

उजव्या, म्हणजे क्लचकडच्या सीलमधून हवा गेली तर ती गिअरबॉक्समध्ये जाते, बाहेर काही दिसत नाही. गिअर ऑईलचं बूच काढून त्या तोंडावर साबणाचा फेस लावा. हे सील गेलेली गाडी गिअर ऑईल पिते आणि न थांबणारा पांढुरका धूर सोडते. मॅग्नेटोकडचं सील गेलेली गाडी मात्र गुपचूप कोरडी हवा ओढते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि एक दिवस जाम होते. फुग्याऐवजी कॉम्प्रेसर लावण्याचा मोह आवरा, नाहीतर चांगली सीलंही जागची उठतील.

काढताना

पिस्टन आतच घट्ट धरला असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल आणि टूटी ऑईल अर्धं-अर्धं ओता आणि रात्रभर सोडा. सकाळी टॉपच्या गिअरमध्ये टाकून गाडी मागे-पुढे हलवा. नाही सुटला तर आणखी एक रात्र. किकवर उभं राहून धसमुसळेपणा केला तर किकचे दाते जातात, म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, समोरासमोरचे आळीपाळीने, आधी अर्धा-अर्धा फेरा सैल करा. ब्लॉक उठत नसेल तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने एक्झॉस्टच्या जाड भागाखाली ठोका. फिन्सच्या (ब्लॉकच्या बाहेरच्या पात्यांच्या) फटीत किंवा खालच्या पॅकिंगच्या सांध्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा नाही. तिथे पडलेली एक खोच पुढे कायमची गळती देते. ब्लॉक दोन-तीन बोटं वर आला की पूर्ण उचलण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारं कापड कोंबा. तुटलेल्या रिंगेचा तुकडा खाली गेला तर क्रँककेस उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

पिस्टनच्या पिनचे सर्किप (पिन धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या) काढताना चष्मा लावा, ते उडतात. जुने परत वापरू नका. पिन घट्ट असेल तर पिस्टनवर गरम पाण्यात पिळलेलं कापड धरा आणि हाताने ढकला. हातोडी मारली तर मार कनेक्टिंग रॉडला बसतो.

रॉड हातात आहे तोवर तो सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलणं ठीक आहे, वर-खाली जरासाही खेळ असेल तर मोठ्या टोकाचं बेअरिंग गेलं. आधी क्रँक, मग ब्लॉक. जाम झालेल्या इंजिनाच्या क्रँककेसमध्ये ॲल्युमिनियमचा चुरा असतोच. कापड काढून, पेट्रोलमध्ये थोडं टूटी मिसळून क्रँककेस दोन-तीनदा खळखळून धुवा, बाहेर येणारं पेट्रोल स्वच्छ दिसेपर्यंत.

पिस्टन काय सांगतो

पिस्टन लगेच भंगारात टाकू नका. उजेडात धरून सावकाश फिरवा.

चार बाजूंना, पिनच्या दोन्ही अंगांना, चार सारखे उभे पट्टे असतील तर पिस्टन ब्लॉकपेक्षा लवकर फुगला. थंड इंजिन सुरू केल्या केल्या पिळलं किंवा बोअर करणाऱ्याने क्लिअरन्स कमी ठेवला, या दोनपैकी एक. ऑईल पोचत होतं आणि जेटही बरोबर होतं, तरी असं होतं.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला जाड ओरखडा आणि डोक्याची कड त्या बाजूला वितळल्यासारखी दिसत असेल तर उष्णता जास्त झाली आहे. पातळ मिश्रण, पुढे गेलेलं टायमिंग, हवेची गळती, इथे शोधा. डोक्याच्या मध्यभागी भोक किंवा खड्डा असेल तर तेच, आणखी पुढच्या टप्प्यातलं.

चहूबाजूंनी स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) घासलेला, कुठे निळसर-काळपट, म्हणजे ऑईल पोचलं नाही. आणि इनटेकच्या बाजूला बारीक, मॅट, असंख्य उभ्या रेघा असतील तर ती धूळ आहे. एअर फिल्टर फाटलेला आहे किंवा कुणी 'आवाज चांगला येतो' म्हणून काढून टाकलाय. फिल्टरशिवाय आरएक्स फिरवणाऱ्यांचा ब्लॉक मी दुरुस्त करायला सांगणारच नाही. आधी फिल्टर बसवा.

लेप उतरवणं

स्लीव्हवरचा जाड लेप आधी १८० नंबरच्या एमरी पेपरने हलक्या हाताने, तिरपे फटके देत कमी करा. राहिलेला लेप रसायनाने जातो. हार्डवेअरच्या दुकानात फरशी-संडास साफ करायचं आम्ल मिळतं, ते हायड्रोक्लोरिक आम्लच. ते ॲल्युमिनियमवर पडलं की फसफसतं आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. बिडाला ते हळू खातं. कॉस्टिक सोड्याचं पाणीही ॲल्युमिनियम खातं आणि बिडाला हात लावत नाही, त्यामुळे स्लीव्हसाठी सोडा जास्त सोयीचा. पण लक्षात ठेवा, आरएक्सचा ब्लॉक बाहेरून ॲल्युमिनियमचा आहे आणि ट्रान्स्फर पोर्टच्या (क्रँककेसमधून मिश्रण वर नेणाऱ्या) वाटाही ॲल्युमिनियमच्याच. दोन्ही रसायनं तेही तितक्याच आवडीने खातात.

म्हणून ओतायचं नाही. ब्लॉक आडवा ठेवा, ओरखडा खाली तळाशी येईल असा. पोर्टच्या तोंडांत ग्रीस लावलेलं कापड भरा. कान साफ करायची कापसाची काडी रसायनात बुडवून फक्त लेपावर टेकवा. फेस येईल. फेस थांबला की पुसा, पुन्हा टेकवा. रसायन टेकवूनही फेस येत नाही तेव्हा ॲल्युमिनियम संपलं. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, गाडी आणि पान्यांपासून लांब करा. आम्लाच्या वाफेने शेजारची सगळी हत्यारं एका रात्रीत तांबारतात. आम्ल आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन निघतो.

आम्ल वापरलं असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कॉस्टिक वापरलं असेल तर भरपूर साध्या पाण्याने. लगेच पुसून ऑईल लावा. ओलं बीड मिनिटांत गंजायला लागतं.

आता नख फिरवा, आडवं, ओरखड्याच्या दिशेला काटकोनात. रेघ नुसती दिसतेय पण नखाला लागत नाही, तर होनिंगवर भागू शकतं. नख अडकलं तर बोअर करणं आलं. पोर्टच्या वर, रिंगा दाब धरतात त्या भागातली चर जास्त वाईट, पोर्टच्या खालची थोडी सोसते.

मोजमाप: डायल गेज नसेल तर

वरकरणी स्वच्छ दिसणारा बोअरही झिजलेला असतो, आणि झीज सगळीकडे सारखी नसते. सर्वांत जास्त झीज वर असते, जिथे वरची रिंग जाऊन परत फिरते. वर आणि खाली यांतला फरक म्हणजे टेपर, आणि एकाच उंचीवर पिनच्या दिशेचा व्यास आणि त्याच्या आडवा व्यास यांतला फरक म्हणजे अंडाकारपणा. यामाहाच्या लहान टू-स्ट्रोकसाठी टेपरची मर्यादा साधारण ०.०५ मिमी आणि अंडाकारपणाची ०.०१ मिमी धरतात. व्हर्निअरने हे कळत नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगो. बोअर गेज (आतला व्यास मोजायचा डायल गेज) लागतो.

बोअर गेज घरी कुणाकडे असतो? फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मात्र शंभरदा कामाला येणारी वस्तू आहे, ती घ्याच. एक नवी रिंग, आहे त्याच साईजची, बोअरमध्ये अगदी खाली, जिथे रिंगा कधी पोचत नाहीत तिथे ठेवा. पिस्टन उलटा घालून तिला ढकला म्हणजे ती सरळ बसेल. टोकांमधली फट मोजा. समजा ०.२५ मिमी. आता तीच रिंग वरच्या कडेपासून साधारण एक सेंटीमीटर खाली ठेवून फट मोजा. समजा ०.५५. फरक ०.३०. फट परिघावर वाढते, व्यासावर नाही, म्हणून ३.१४ ने भागा: व्यासात जवळपास ०.१० मिमी फरक. मर्यादेच्या दुप्पट. होनिंगने हा ब्लॉक सुधारणार नाही, कितीही चकचकीत दिसला तरी.

या युक्तीने अंडाकारपणा कळत नाही. पण टर्नरकडे (लेथवर बोअर करणाऱ्याकडे) जायचं की नाही, एवढं उत्तर मिळतं.

होन, साईज की स्लीव्ह

टेपर मर्यादेत, नख लागत नाही आणि जुना पिस्टन (किंवा त्याच साईजचा नवा) बोअरमध्ये योग्य क्लिअरन्सने बसतो, अशी तिन्ही उत्तरं हो असतील तरच नुसतं होनिंग करा. होनिंग झीज काढायला नसतं. गुळगुळीत झालेल्या भिंतीवर ऑईल धरून ठेवणाऱ्या बारीक तिरप्या रेघांची जाळी पाडणं, हे त्याचं काम. ड्रिलला लावायचा तीन दगडांचा होन टू-स्ट्रोकमध्ये वापरू नये. दगड पोर्टच्या कडेत अडकतात, तुटतात आणि कडाही फोडतात. गोळ्यांच्या ब्रशसारखा होन मिळतो, तो घ्या. भरपूर पातळ ऑईल सोडत, ड्रिल सावकाश फिरवत आणि हात झपझप वर-खाली नेत दहा-पंधरा सेकंद फिरवा, मग पुसून बघा. रेघा एकमेकींना सुमारे ४५ ते ६० अंशांत छेदायला हव्यात. आडव्या पडल्या तर हात हळू चाललाय.

बाकी सगळ्या ब्लॉकना बोअरिंग. स्टँडर्ड ५० मिमीनंतर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे साईज मिळतात. ०.२५ चा साईज म्हणजे प्रत्येक भिंतीतून जेमतेम ०.१२५ मिमी धातू निघतो, हा हिशोब करून ठेवा. चर त्यापेक्षा खोल असेल तर पहिल्या साईजमध्ये ती जाणार नाही, आणि आधीची झीज त्यातलाच काही भाग खाऊन बसलेली असते. १.०० पर्यंत गेलेल्या ब्लॉकला पुढे नवी स्लीव्ह. ब्लॉक तापवून जुनी काढतात, नवी बसवतात आणि पोर्ट जुळवून घ्यावे लागतात. त्या जुळवणीवरच इंजिनाची ताकद अवलंबून असते. स्लीव्हचं काम करणाऱ्या माणसाने आधी केलेले टू-स्ट्रोक ब्लॉक बघितल्याशिवाय त्याच्या हाती आपला देऊ नका. फोर-स्ट्रोकच्या स्लीव्ह रोज बसवणारा पोर्टच्या बाबतीत निष्काळजी असू शकतो.

टर्नरशी बोलताना

क्रम असा ठेवा: आधी ब्लॉक मोजून घ्या, कुठल्या साईजमध्ये साफ होईल ते विचारा, मग तो पिस्टन विकत घ्या आणि ब्लॉकसोबत पिस्टन नेऊन द्या. पिस्टन हातात नसताना बोअर करून ठेवणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. ०.५० लिहिलेले दोन पिस्टनसुद्धा मायक्रोमीटरखाली सारखे निघत नाहीत. पिस्टन मोजतात तो स्कर्टच्या तळापासून साधारण एक सेंटीमीटर वर, पिनला काटकोनात. डोक्याशी तो मुद्दाम लहान असतो.

लेथवर अजून थाऊची भाषा चालते, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी. लहान एअर-कूल्ड टू-स्ट्रोकला ओतीव पिस्टन असेल तर दीड थाऊच्या आसपास, म्हणजे ०.०३५ ते ०.०४० मिमी क्लिअरन्स ठेवतात. पिस्टनच्या डब्यावर आकडा दिला असेल तर तोच अखेरचा. फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनला जास्त लागतो. "पिस्टन आपल्या वजनाने सरकला की झालं" हे उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा. तसा बसवलेला पिस्टन पहिल्या दिवसापासून खडखडतो.

बोरिंगनंतर होनिंग त्यांनाच करायला सांगा, आणि बोरिंग टूलने पूर्ण साईज न काढता शेवटचे दोन-एक थाऊ होनिंगला सोडायला सांगा. टूलच्या खुणा भिंतीत राहिल्या तर रिंगा बसत नाहीत. ब्लॉक ताब्यात घेताना त्यांच्याच बोअर गेजने तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजून दाखवायला सांगायला लाजू नका. चांगला टर्नर स्वतःहून दाखवतो.

पोर्टच्या कडा

टर्नरकडून आलेल्या टू-स्ट्रोक ब्लॉकमध्ये हमखास राहून जाणारं काम हे. बोअर केल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. रिंग मिनिटाला हजारो वेळा त्या भोकांवरून जाते. प्रत्येक वेळी जराशी पोर्टमध्ये फुगते आणि धारदार कडेला थडकते. मग रिंग तुटते, तुकडा सगळं खरवडतो, आणि दोष पिस्टनच्या कंपनीला.

बोट आत घालून कडा चाचपा. बारीक गोल सुई-कानस घेऊन प्रत्येक पोर्टच्या कडेवर ४५ अंशांत साधारण अर्धा मिलिमीटर उतार काढा. वरच्या आणि खालच्या कडांवर जास्त लक्ष द्या, उभ्या बाजूंना धार मोडली तरी पुरे. एक्झॉस्ट पोर्ट सर्वांत रुंद, तिथे उतार थोडा लांब आणि निवांत ठेवा. कानस बोअरच्या आतून पोर्टच्या दिशेने चालवा, भिंतीवर घसरू देऊ नका. शेवटी ४०० नंबरच्या पेपरची गुंडाळी बोटाला लावून कडा मऊ करा. नखावरून बोट फिरावं तसं कडेवरून फिरलं पाहिजे, कुठेही ओढ नको. पोर्ट मोठा करण्याचा मोह इथेच होतो; तो वेगळा विषय आहे, टायमिंग बदलतं, आज नको.

धुणं

होनिंगची पूड म्हणजे कडक दगडाचा चुरा. पेट्रोलने धुतलं की ऑईल निघतं, चुरा रेघांत तसाच राहतो. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि नायलॉनचा ब्रश घेऊन बोअर, पोर्ट आणि ट्रान्स्फरच्या आतल्या वाटा घासून काढा. दोनदा, तीनदा. पुसून लगेच ऑईल लावा आणि मग पांढऱ्या सुती कापडाने भिंत पुसा. कापडावर करडी छटा आली तर परत पाणी-पावडर. कापड नुसतं तेलकट निघालं तर झालं.

याच टप्प्यावर ब्लॉकची बाकी दुखणी उरकून घ्या. हेड आणि ब्लॉकचे सपाट पृष्ठभाग जाड काचेवर ठेवून फिलर गेज सरकवून बघा, ०.०३ मिमीपेक्षा जास्त वाकलेला नको. थोडं वाकलेलं हेड काचेवर ४०० चा पेपर चिकटवून, ऑईल टाकून, इंग्रजी आठच्या आकारात घासलं की सपाट होतं. मोडकी फिन आर्गॉन वेल्डिंगने जोडता येते, पण ते बोअरिंगच्या आधी करा, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने बोअर वेडावाकडा होतो. एक-दोन फिन्सचे कोपरे उडाले असतील तर कानसने धार मोडा आणि सोडून द्या. आटे गेलेल्या भोकाला हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवा.

बसवताना

दोन्ही रिंगा नव्या बोअरमध्ये एकेक घालून फट मोजा. ५० मिमीच्या बोअरला ०.१५ ते ०.३५ मध्ये असावी. कमी असेल तर बारीक कानसने टोक एकाच दिशेने घासा. फट शून्याजवळ असलेली रिंग तापली की टोकं भिडतात, आणि तीही जाम होण्याचं एक कारण आहे. रिंगेवर अक्षर कोरलेली बाजू वर. वरची-खालची अदलाबदल नको.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, म्हणजे आरएक्समध्ये पुढे. लहान टोकाचं सुयांचं बेअरिंग नवं घाला, सगळं टूटीने ओलं करा, पिन सरकवा. नवे सर्किप खाचेत पूर्ण बसलेत का ते फिरवून बघा, त्यांचं उघडं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली ठेवा. नवं खालचं पॅकिंग टाका, जुन्याचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून.

टू-स्ट्रोकच्या पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेची टोकं तिच्या दोन्ही बाजूंना आलीच पाहिजेत, म्हणजे रिंग फिरून तिचं टोक पोर्टमध्ये जाणार नाही. बोटांनी रिंगा दाबून ब्लॉक सरळ खाली आणा. अडकला तर वर घ्या, बघा, परत आणा. ब्लॉक फिरवून बसवायचा प्रयत्न अजिबात नको, रिंगेचं टोक पोर्टमध्ये शिरून मोडतं. ब्लॉक पूर्ण खाली आणायच्या आधी क्रँकवरचं कापड काढलंय ना, हे मनात नाही तर डोळ्याने तपासून घ्या.

हेडचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरवून दिलेल्या घट्टपणाला), दोन-तीन टप्प्यांत, समोरासमोर. टॉर्क पाना नसेल तर एका दिवसापुरता मागून आणा. मग बीपीच्या फुग्याची चाचणी परत करा. काटा स्थिर राहिला तरच कार्बोरेटर जोडा.

पहिली किक आणि पहिले ५०० किलोमीटर

ऑईल पंपाचा हवा काढायचा स्क्रू उघडा आणि बुडबुडे संपून सलग ऑईल येईपर्यंत वाट बघा. पंपापासून इनटेकपर्यंतची नळी रिकामी असते, म्हणून पंप चालू असला तरी पहिल्या टाकीच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे २० मिली टूटी मिसळा. धूर होईल, प्लग ओला होईल, एखादा जादा प्लग खिशात ठेवा.

सुरू झाली की हलक्या ॲक्सिलरेटरवर फिन्सना हात लावता येणार नाही इतकी तापेपर्यंत चालवा आणि बंद करा. पूर्ण थंड होऊ द्या, अगदी गार. असं तीनदा. शेवटच्या वेळी गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला तपासा.

मग रस्त्यावर. अर्ध्याहून जास्त ॲक्सिलरेटर नको, पण एकाच वेगाने गाडी रेटूही नका. वेग सतत कमी-जास्त ठेवला तर रिंगा बसतात. मागे कुणी नको. खंबाटकी, पसरणीसारखे घाट ५०० किलोमीटरनंतर. घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद आणि इंजिन जोरात फिरतंय, अशी अवस्था टू-स्ट्रोकला घातक, कारण तेव्हा ऑईल अगदी कमी पोचतं. मधून मधून क्लच दाबून एक-दोन झटके ॲक्सिलरेटर द्या. चालता चालता इंजिन जड वाटलं, आवाज बसका झाला किंवा टणटण यायला लागली तर लगेच क्लच दाबा, बाजूला घ्या. जाम व्हायच्या आधी ती बहुतेक वेळा सेकंद-दोन सेकंद कळवते, म्हणून डावी बोटं क्लचवर असू द्या.

शंभरेक किलोमीटरवर प्लग काढून बघा. पांढरा फटक असेल तर मिश्रण पातळ आहे; मेन जेट एक नंबर वाढवा किंवा गळती परत शोधा, गाडी तशी पळवू नका. काळा-ओला असेल तर अजून जादा ऑईलचा असेल, टाकी संपल्यावर पुन्हा बघा. दुसऱ्या टाकीपासून साधं पेट्रोल आणि पंप. टूटीच्या टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा. शंभर किलोमीटरनंतर ती रेषेखाली उतरलेली दिसली पाहिजे. नसेल उतरली, तर गाडी तिथेच उभी करा आणि पंप उघडा.